सहकाऱ्यांतून नेतृत्व घडविताना : वर्ध्याचा अनुभव

संस्थेचा प्रमुख किती कार्यक्षम होता, याची खरी कसोटी तो निघून गेल्यावर लागते. मार्च १९४८ मध्ये वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे अशीच कसोटीची वेळ आली होती. रचनात्मक कार्यकर्त्यांची ही परिषद खरे तर गांधीजींच्या उपस्थितीत व्हावयाची होती. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली आणि परिषद त्यांच्याविना भरली. पंडित नेहरू, डॉ. राजेंद्रप्रसाद, आचार्य विनोबा भावे प्रभृती नेते तेथे जमले. आता मार्ग कोण दाखविणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता. तथापि कार्य थांबले नाही. या परिषदेतून सर्वोदय समाजाची कल्पना साकार झाली आणि तीनच वर्षांनी, १९५१ मध्ये, विनोबांच्या नेतृत्वाखाली भूदान चळवळ उभी राहिली.

हे नेतृत्व एका रात्रीत निर्माण झाले नव्हते. त्यामागे दीर्घकाळची घडण होती. ती कशी झाली, हे आजच्या कार्यालयांनी व संस्थांनीही समजून घेण्यासारखे आहे.

जबाबदारी हेच शिक्षण

या घडणीची पहिली पायरी म्हणजे प्रत्यक्ष जबाबदारी. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना १९२१ साली वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यास पाठविले, तेव्हा विनोबांचे वय जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेले जे. सी. कुमारप्पा गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांच्यावर गुजरातमधील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम सोपविण्यात आले. विद्वत्तेला खेड्यातील वास्तवाची जोड मिळाली. पुढे १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचा कारभार याच कुमारप्पांनी सांभाळला.

केलेल्या कामाचा आरसा

परंतु नुसती जबाबदारी सोपवून भागत नाही. केलेले काम कसे झाले, हे करणाऱ्यास वेळीच कळावे लागते. आश्रमवासीयांनी दैनंदिनी लिहावी, असा गांधीजींचा आग्रह असे. दैनंदिनी वाचून ते त्यावर आपले अभिप्राय देत. सोमवारी त्यांचे मौन असे, परंतु त्या दिवशीही चिठ्ठ्या व पत्रे यांतून मार्गदर्शन चालूच राही. त्यामुळे दोष साठत जाण्यापूर्वीच लक्षात येत आणि ते सुधारण्यास अवसर मिळे.

सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत हेच तत्त्व लहान मुलांपर्यंत पोहोचले. स्वयंपाक, सफाई, शेती या कामांची जबाबदारी विद्यार्थी आळीपाळीने घेत आणि आपल्या कामाचा हिशेब सर्वांसमोर मांडीत. आज ज्याने हिशेब दिला, तोच उद्या दुसऱ्याचा हिशेब ऐके. नेतृत्व हा कोणा एकाचा मान नसून पाळीने येणारे कर्तव्य आहे, हा धडा मुलांना अशा रीतीने कामातूनच मिळे.

प्रमुखानेही ऐकावे

जो दुसऱ्याचे दोष दाखवितो, त्याने स्वतःचे दोष मान्य केले पाहिजेत. १९१९ च्या सत्याग्रहात हिंसा उफाळली, तेव्हा लोकांची पुरेशी तयारी न करता आंदोलन पुकारण्यात आपली हिमालयाएवढी चूक झाली, असे गांधीजींनी जाहीरपणे कबूल केले. ज्याने स्वतःची चूक कबूल केली, त्याने दाखविलेली चूक सहकाऱ्यांना बोचत नाही. पवनार येथे विनोबांनी १९५९ साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात याहीपुढचे पाऊल पडले. तेथील भगिनींच्या समूहाला कोणी प्रमुख नाही आणि निर्णय सर्वसंमतीने होतात. अर्थातच प्रत्येकीला बोलावे लागते आणि प्रत्येकीचे ऐकावे लागते.

कार्यालयात काय करता येईल?

आपल्या कार्यालयांत बराच काळ वर्षाकाठी एकदा लिहिल्या जाणाऱ्या गोपनीय अहवालावर भिस्त होती. प्रतिकूल नसलेले शेरे संबंधितास कळविण्याची प्रथा नव्हती. २००८ साली देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. हा न्यायाचा प्रश्न आहे, तसाच तो विकासाचाही आहे. जो शेरा कर्मचाऱ्याला कळतच नाही, त्यापासून तो काय शिकणार?

कळविण्याचीही एक रीत असते. समजा, एका ग्रामसेवकाने घेतलेल्या ग्रामसभेत महिला उपस्थित होत्या, परंतु एकही बोलली नाही. “तुम्हांला सभा घेता येत नाही,” असे त्याला चारचौघांत सुनावल्यास तो केवळ दुखावेल. त्याऐवजी दुसऱ्याच दिवशी, एकांतात, घडले ते नेमकेपणे सांगावे. “असे का झाले असावे?” हे प्रथम त्यालाच विचारावे. पुढील सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र बैठक घेण्यासारखा एखादा उपाय दोघांनी मिळून ठरवावा आणि त्या सभेनंतर पुन्हा बोलावे. जे चांगले झाले, तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे. आणि शेवटी वरिष्ठाने विचारावे, “माझ्याकडून काय कमी पडले?” या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची भीती हाताखालच्या माणसास वाटत असेल, तर इतर सारे अभिप्राय केवळ उपचार ठरतात.

या रीतीला खर्च लागत नाही, मात्र वेळ आणि मनाचा मोठेपणा लागतो. वरिष्ठाची बदली आज ना उद्या होणारच. त्याच्यामागे रिकामी खुर्ची राहील की काम पुढे नेणारी माणसे राहतील, हे त्याने सहकाऱ्यांशी रोज साधलेल्या अशा संवादावरच ठरेल.