अश्वगंधा : गुणकारी खरी, पण निर्धोक नव्हे

झोप लागत नाही, जीव धास्तावतो, चिडचिड होते असे कुणी म्हटले की हमखास सल्ला मिळतो, 'अश्वगंधा घ्या. आयुर्वेदिक आहे, अपाय काही नाही.' यातील पहिल्या वाक्याला संशोधनाचा थोडाफार आधार आहे. दुसऱ्याला मात्र नाही.

अश्वगंधेलाच मराठीत आस्कंद म्हणतात. तिच्या ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. आयुर्वेदात ती बलवर्धक मानली आहे.

संशोधन काय सांगते?

तणावग्रस्त अशा ६४ प्रौढांवर हैदराबाद येथे झालेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा दिला, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल. साठ दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचा तणावाचा गुणांक ४४ टक्क्यांनी, तर इतरांचा ५.५ टक्क्यांनी घटला. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉलही सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून स्रवणारे हे संप्रेरक तणावात वाढते.

नंतरच्या काही छोट्या चाचण्यांचा कलही असाच आहे. पण बहुतेक चाचण्या दोन-तीन महिन्यांच्याच होत्या. शिवाय त्या प्रमाणित अर्काच्या होत्या. त्यामुळे घरच्या चमचाभर चूर्णाला तोच हिशेब लावता येत नाही.

कोणी जपावे?

अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद आइसलँड व अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२० साली प्रसिद्ध केली. औषध थांबवल्यावर त्यांपैकी चौघे बरे झाल्याचे दिसले. असा त्रास क्वचितच होतो, पण यकृताचा विकार असलेल्यांनी अश्वगंधा टाळावी. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

अश्वगंधेमुळे थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. त्यामुळे ज्यांची थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते, त्यांनी ती घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांबरोबर साखर किंवा दाब प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. गर्भवतींनी ती घेऊच नये.

विकत घेताना वेष्टनावर 'मूळ' असा उल्लेख आहे का, हे पाहावे. अश्वगंधेची पाने वापरू नयेत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना केली होती.

डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काही जाणवल्यास औषध ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एरवीही दवाखान्यात 'कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारले जाते, तेव्हा बहुतेक जण गोळ्या सांगतात आणि चूर्ण विसरतात. तेही आवर्जून सांगावे. आणि दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर कॅप्सूलच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावे.