मुळांची बुरशीशी सोयरीक

बुरशी म्हटली की लोणच्याच्या बरणीवर चढलेला पांढरा थर आठवतो आणि कपाळाला आठ्या पडतात. पण एक बुरशी अशीही आहे, जी झाडाच्या मुळांत घर करून त्यालाच जेवू घालते! मुळे आणि बुरशी यांच्या या जोडीला १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. आज जमिनीवरील सुमारे ७० टक्के वनस्पती यातील एका प्रकारच्या बुरशीशी नाते राखून आहेत. भात, गहू, ज्वारी, तूर, टोमॅटो ही सारी त्याच गोतावळ्यातली.

व्यवहार रोखठोक असतो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतो, त्यामुळे मुळांना फक्त जवळपासचाच मिळतो. बुरशीचे केसाहून बारीक धागे लांबवर पसरून तो आणून देतात. मोबदल्यात झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देते.

मित्र ओळखायचा कसा?

मातीत मुळे कुजवणाऱ्या बुरशाही असतात. मग झाड मित्रालाच आत कसे घेते? हे काम जनुकांचे. स्फुरदाची चणचण भासली की मुळे ‘स्ट्रायगोलॅक्टोन’ नावाचे रसायन मातीत सोडतात. त्यामुळे बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटतात, हे २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. बुरशीही उलट रासायनिक निरोप धाडते. ‘सिमआरके’ नावाचे जनुक तो पुढे पोचवण्यात मदत करते. मग पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमचे प्रमाण ठेक्यात वरखाली होते. तो ठेका ‘सीसीएएमके’ हे दुसरे जनुक ओळखते आणि पेशी वाट मोकळी करते. यातले एक जरी बिघडले, तरी बुरशी उंबरठ्यावरच अडते.

कडधान्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतात, त्याही याच जनुकांच्या मदतीने.

मात्र मुळांची हाक शत्रूलाही ऐकू जाते. ज्वारीच्या मुळांवर जगणारे टारफुला हे तण याच रसायनाच्या चाहुलीने रुजते!

नाते तोडणारे

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांच्या पूर्वजांनी ही सोयरीक केव्हाच मोडली. त्यांच्यात यातील कित्येक महत्त्वाची जनुके उरलेलीच नाहीत. त्यामुळे मायकोरायझाची पूड कोबीला घालणे म्हणजे पैसे मातीत घालणे. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे लावताना मात्र ती मुळांना लागेल अशी घालावी.

आणखी एक पथ्य आहे. स्फुरद मुबलक मिळाला की झाड या जनुकांना आवर घालते आणि बुरशीला दार बंद होते. भातातील ही यंत्रणा २०२१ मध्ये उलगडली. स्फुरदयुक्त खतांच्या कच्च्या मालासाठी आपला देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. म्हणून माती तपासून, गरजेपुरतेच खत द्यावे. पैसा वाचेल आणि मातीतला हा जुना सोयराही टिकेल.