आकड्यांऐवजी नाव : भ्रमणध्वनीवरील स्थानिक पत्त्यांची व्यवस्था

गावात नवखा आलेला माणूस घर शोधू लागला, की तो मिळकत क्रमांक विचारीत नाही. घरमालकाचे नाव विचारतो. क्रमांक असतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत. नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी ही नोंदवही साऱ्या गावासाठी एकच असते, म्हणूनच व्यवहार सुरळीत चालतो. संगणकांच्या जाळ्यातही नेमकी हीच गरज भासते.

शाळेत ‘रास्पबेरी पाय’सारखा लहानसा संगणक बसवून त्यावर ‘कोलिब्री’ अथवा ‘किविक्स’ या प्रणालींच्या साहाय्याने पाठ, चित्रफिती व ज्ञानकोश साठवून ठेवता येतात. वाय-फायच्या आधारे विद्यार्थी हे भांडार भ्रमणध्वनीवर पाहू शकतात व त्यासाठी इंटरनेटची आवश्यकता नसते. मात्र या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० अशा आकड्यांचा असतो. वीज जाऊन परत आली, की राउटर त्याला निराळा पत्ता देण्याची शक्यता असते. मग फळ्यावर लिहून दिलेला पत्ता निरुपयोगी ठरतो आणि भांडार वर्गातच असूनही विद्यार्थ्यांना ते उघडत नाही. हा दोष संगणकाचा नव्हे. नावाची व्यवस्था नसल्याचा आहे.

यादीकडून व्यवस्थेकडे

हा प्रश्न नवा नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यातील संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत नोंदविले जात. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र ही यादी सांभाळीत असे व इतर ठिकाणी तिची प्रत उतरवून घ्यावी लागे. संगणक वाढत गेले, तशा या प्रती हातोहात जुन्या होऊ लागल्या. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ अर्थात डीएनएस ही व्यवस्था मांडली. प्रत्येकाने यादी बाळगण्याऐवजी नोंद ठेवणाऱ्या संगणकाला पत्ता विचारावा, हे तिचे सूत्र होय.

त्या जुन्या यादीचा अवशेष ‘होस्ट्स’ या नावाने अँड्रॉइड भ्रमणध्वनीत आजही आहे. परंतु ती संरक्षित भागात असल्याने तिच्यात बदल करण्यासाठी भ्रमणध्वनीची सुरक्षाव्यवस्था मोडावी लागते. हे इष्ट नाही. शिवाय चाळीस विद्यार्थी असल्यास तीच नोंद चाळीस वेळा करावी लागेल. नोंद एकाच ठिकाणी, राउटरमध्ये करणे हाच योग्य मार्ग होय.

प्रत्यक्ष कृती

प्रथम, राउटरच्या व्यवस्थापन-पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या सदरात शाळेच्या संगणकाचा मॅक क्रमांक नोंदवावा. म्हणजे त्याचा पत्ता कायम राहतो.

दुसरे, राउटरमध्ये स्थानिक डीएनएसची सोय असल्यास तेथे नाव व पत्ता यांची नोंद करावी. ती नसल्यास शाळेच्या संगणकावरच ‘डीएनएसमास्क’ ही प्रणाली बसवावी आणि नावे विचारण्यासाठी त्याच संगणकाचा पत्ता सर्वांना मिळेल, अशी योजना राउटरमध्ये करावी. नावाच्या अखेरीस ‘होम डॉट आर्पा’ असावे. उदाहरणार्थ, रोमन लिपीत ‘शाळा डॉट होम डॉट आर्पा’. ही अखेर खासगी, घरगुती जाळ्यांसाठी २०१८ साली राखून ठेवण्यात आली असल्याने बाहेरच्या नावांशी गल्लत होत नाही.

तिसरे, भ्रमणध्वनीची तपासणी करावी. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. तेथे दूरच्या एखाद्या सेवेचे नाव भरलेले असल्यास भ्रमणध्वनी पत्ता तिलाच विचारतो आणि तिला आपली शाळा ठाऊक नसते. अशा वेळी ‘ऑटोमॅटिक’ हा पर्याय निवडावा. काम झाल्यावर मूळ पर्याय परत ठेवावा. वाय-फायवर इंटरनेट नाही असे दिसताच भ्रमणध्वनी मोबाइल डेटाकडे वळतो, म्हणून तोही तात्पुरता बंद करावा. नावापूर्वी ‘एचटीटीपी’, अपूर्णविराम व दोन तिरप्या रेघा टंकाव्यात. अन्यथा ब्राउझर ते नाव शोधयंत्राकडे पाठविण्याचा संभव असतो.

‘डॉट लोकल’ ही आणखी एक पद्धत आहे. तिचे प्रमाणीकरण २०१३ साली झाले. तीत जाळ्यातील संगणक स्वतःच ‘हे नाव माझे’ असे उत्तर देतो. आयफोनला ती अवगत आहे. जुन्या अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या ब्राउझरला मात्र नाही. म्हणून जेथे विविध भ्रमणध्वनी असतात, तेथे केवळ तिच्यावर विसंबू नये.

नोंदवहीचे महत्त्व

ही कामे बहुधा एखादा उत्साही शिक्षक करतो आणि बदली झाली, की माहिती त्याच्याबरोबरच जाते. हे टाळण्यासाठी नाव, पत्ता, मॅक क्रमांक व केलेले बदल शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत. राउटरचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांकडे मोहोरबंद असावा. असे झाले, तर शिक्षक बदलले तरी फळ्यावर लिहिलेले नाव विद्यार्थ्यांना भांडारापर्यंत नेत राहील.