विश्लेषण : सुपरचार्जरच्या गाडीला कमी खर्चात ‘फ्रंट-माउंट इंटरकूलर’ बसवणे कितपत शहाणपणाचे?

जुन्या पण दमदार गाड्या स्वतःच्या हाताने सुधारणाऱ्या हौशी मंडळींत ‘फ्रंट-माउंट इंटरकूलर’ हा हमखास चर्चेचा विषय असतो. इंजिनात जाणारी तापलेली हवा बंपरमागच्या मोठ्या जाळीतून फिरवून थंड करायची, इतकी ती साधी कल्पना. भंगारातली एक जाळी, थोडे पाइप आणि सुट्टीचे दोन दिवस, एवढ्यात काम होते असे सांगितले जाते. मात्र सुपरचार्जरच्या गाडीत हा हिशेब टर्बोच्या गाडीसारखा नसतो. तो न समजता केलेली काटकसर इंजिनावर बेतू शकते. मिनी कूपर एस या गाजलेल्या गाडीच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

हवा थंड का करायची?

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, त्यामुळे जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. पण सायकलच्या चाकात हवा भरताना पंप जसा हाताला गरम लागतो, तशीच इथेही दाबलेली हवा तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि गेजवर सुमारे ०.७ बार दाब दिसतो आहे असे धरले, तर ‘रूट्स’ प्रकारच्या सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा ११० ते १२० अंशांच्या घरात असते.

एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली, की ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकण्याचा धोका वाढतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते जोरात आणि सतत होत राहिले तर पिस्टनच्या कडा आणि रिंगा तुटतात. अलीकडच्या गाड्यांत ईसीयू हा धोका ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ताकद घटते. इंटरकूलरचे पहिले काम हा धोका दूर ठेवणे हेच आहे.

मूळ जागेत अडचण काय?

बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये मिनी नव्या रूपात आणली. त्या पिढीच्या कूपर एसला जाणकार ‘आर५३’ या सांकेतिक नावाने ओळखतात. १.६ लिटरचे इंजिन, ईटन कंपनीचा ‘एम४५’ सुपरचार्जर आणि सुरुवातीच्या गाड्यांत १६३ अश्वशक्ती, असा तिचा संच. एम४५ मधला ४५ हा आकडा पंप एका फेरीत किती घन इंच हवा ढकलतो ते सांगतो. लिटरमध्ये ते सुमारे ०.७४ होते. पुढच्या पिढीत कंपनीने सुपरचार्जर सोडून टर्बो घेतला, त्यामुळे आर५३ चे चाहते आजही वेगळे आहेत.

या गाडीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला असतो आणि बॉनेटवरच्या झरोक्यातून त्याला वारा मिळतो. गाडी पळत असेल तर ही रचना ठीक चालते. सिग्नलला थांबले की वरचा वारा बंद होतो आणि खालून इंजिनाची धग लागते. जाळी स्वतःच तापते. मग हिरवा दिवा लागल्यावर पहिल्या काही क्षणांत ती हवेला थंड करण्याऐवजी कोमटच ठेवते. हौशी मंडळी याला ‘हीट सोक’ म्हणतात. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारतानाही अशीच तक्रार येते.

बंपरमागे नेल्याने काय साधते, काय जाते?

बंपरमागे ताजी, थंड हवा थेट मिळते आणि इंजिनाची धग लागत नाही. जाळीही मोठी बसते. हा सरळ फायदा. तोटे मात्र तीन आहेत.

पहिला, वाट लांबते. सुपरचार्जरपासून खाली बंपरपर्यंत आणि तिथून पुन्हा वर इंजिनापर्यंत पाइप फिरवावे लागतात. प्रत्येक वळणावर आणि जाळीत थोडा दाब खर्च होतो. तो भरून काढायला पंपाला जास्त दाबाविरुद्ध काम करावे लागते, म्हणजे हवा आणखी तापते आणि इंजिनाची ताकदही खर्च होते.

दुसरा, प्रतिसाद मंदावतो. आर५३ मध्ये थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असते. त्यामुळे थ्रॉटल उघडल्यावर मधले सगळे पाइप आणि जाळी भरेपर्यंत दाब पूर्ण चढत नाही. पोकळी जितकी मोठी, तितका पायाखालचा तडफदारपणा कमी.

तिसरा, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर या नव्या जाळीच्या आड येतात. हवा थंड झाली आणि इंजिनाचे पाणी तापले, तर मिळवले काय?

बूस्ट गेज उतरले म्हणजे काम फसले?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. टर्बोच्या गाडीत वेस्टगेट ठरलेला दाब राखतो. मधे दाब कमी झाला तर टर्बो जास्त फिरून तो भरून काढतो. दाब तोच आणि हवा थंड, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचे वजन वाढते.

रूट्स प्रकारच्या सुपरचार्जरचा वेग पुलीने बांधलेला असतो. इंजिन अमुक वेगाने फिरले की पंप तमुक इतकीच हवा ढकलणार. तेवढीच हवा थंड झाली की आकसते, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब कमी दिसतो. नवा, चांगला इंटरकूलर बसवल्यावर गेजचा काटा थोडा खाली आला, तर घाबरण्याचे कारण नाही. उलट ते काम जमल्याचे चिन्ह असू शकते. अर्थात पाइपमध्ये गळती असेल किंवा जाळी फार अडवत असेल तरीही काटा उतरतो. म्हणून एकट्या गेजवर विश्वास ठेवता येत नाही, सोबत तापमान पाहावेच लागते.

याचा दुसरा अर्थ असा, की या गाडीत नुसता इंटरकूलर बदलून ताकदीत मोठी उडी मिळत नाही. मिळते ती सुरक्षिततेची जागा. ईसीयूला ठिणगी वेळेवर पाडता येते आणि गरम दिवशीही गाडी तशीच चालते. मोठा लाभ हवा असेल तर पुली लहान करावी लागते. आर५३ मध्ये १५ टक्के लहान पुली हा लोकप्रिय बदल आहे. त्याने पंप सुमारे साडेसतरा टक्के जास्त वेगाने फिरतो, हवाही त्या प्रमाणात जास्त तापते आणि इंधनाचा हिशेब नव्याने बसवावा लागतो. मोठा इंटरकूलर तिथे खऱ्या अर्थाने कामी येतो.

बचत कुठे करावी?

सर्वात मोठी बचत जाळीत होते. टर्बो-डिझेल गाड्यांचे कंपनीचे इंटरकूलर भंगारात सहज मिळतात. त्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. डिझेलचा दाब साधारणपणे कूपर एसपेक्षा जास्तच असतो. १६० ते २०० अश्वशक्तीच्या इंजिनाला अवाढव्य जाळी लागतही नाही. ५० ते ६५ मिलिमीटर जाडी पुरेशी ठरते. त्याहून जाड जाळी रेडिएटरचा वारा अडवते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने तपासावी. ज्या गाडीचा टर्बो फुटला होता तिचा इंटरकूलर घेऊ नये. आतल्या बारीक पट्ट्यांत धातूचा चुरा अडकून राहतो. धुतला तरी तो सगळा निघेलच असे नाही, आणि निघाला की थेट सिलिंडरमध्ये जातो. चांगल्या गाडीतली जाळीही आतून तेलकट असते. ती रॉकेल किंवा डीग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवावी.

पाइप ॲल्युमिनियमचेच हवेत असे नाही. सायलेन्सरच्या कामाचे पोलादी पाइप जड असतात, पण स्वस्त आणि मजबूत असतात. आतून गंज असेल तर तो घासून काढायला हवा. व्यास दोन ते अडीच इंच ठेवावा. त्याहून मोठा घेतला तर फक्त पोकळी वाढते. चपटी होणारी वळणे टाळावीत, घडवलेली गोल वळणे घ्यावीत.

आणि जवळपास फुकट असलेले पण सर्वात दुर्लक्षित काम म्हणजे वाऱ्याची वाट बांधणे. वारा नेहमी सोपी वाट शोधतो. जाळीच्या बाजूंना फट राहिली तर तो जाळीतून न जाता फटीतून निसटतो. पत्रा किंवा प्लास्टिकची शीट आणि फोमच्या पट्ट्या लावून त्या फटी बंद केल्या, तर लहान जाळीही मोठीसारखे काम करते.

हात कुठे आखडता घेऊ नये?

नळाच्या कामाचे पीव्हीसी पाइप वापरण्याचा मोह काहींना होतो. सुपरचार्जरमधून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर असते आणि साधे पीव्हीसी त्याच्या बरेच आधी मऊ पडते. तो मोह टाळावा. जोडांसाठी सिलिकॉनचे होज आणि टी-बोल्ट क्लॅम्पच घ्यावेत. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कड काढून घ्यावी, नाहीतर दाबाखाली होज घसरून निघतो. कूपर एसमध्ये इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचे मूळ रबरी बूट वयाने चिरतात. नवे काम जुन्या बुटांवर टांगू नये.

जागा करण्यासाठी बंपरमागचा धक्का झेलणारा आडवा बीम कापणे हा सर्वात महागडा शॉर्टकट. अपघातात तोच बीम धक्का पसरवतो आणि एअरबॅगच्या वेळेचे गणितही पुढच्या रचनेवर अवलंबून असते. बीम कापल्याशिवाय जाळी बसत नसेल, तर लहान जाळी शोधावी.

त्याआधी फुकटात काय करता येते?

मूळ इंटरकूलरच्या पंखांतली धूळ-किडे साफ करणे, वाकलेले पंख सरळ करणे, बॉनेटचा झरोका आणि जाळी यांच्यामधला प्लास्टिकचा मार्ग व फोमची सील तपासणे. वीस वर्षांच्या गाडीत ही सील बहुधा निघालेली किंवा कुजलेली असते. त्यामुळे झरोक्यातून आलेला वारा जाळीला टाळून बॉनेटखाली पसरतो. ही दुरुस्ती करून तापमान पुन्हा मोजावे. रोजच्या वापरासाठी तेवढे पुरत असेल, तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

काम जमले हे कसे ओळखायचे?

तापमान तीन ठिकाणी मोजावे : बाहेरचे, इंटरकूलरच्या आधीचे आणि नंतरचे. समजा बाहेर ३०, आधी ११५ आणि नंतर ५० अंश आहे. ८५ अंशांच्या शक्य घसरणीपैकी ६५ अंश कमी झाले, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ७६ टक्के. हे चांगले काम. त्याचबरोबर जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजावा. पूर्ण वेगात फरक ०.०७ बारच्या आसपास असेल तर उत्तम, ०.१४ बारच्या वर गेला तर पाइप किंवा जाळीचा फेरविचार करावा.

बदलाच्या आधी आणि नंतर, एकाच जागी, एकाच गिअरमध्ये, सारख्या हवामानात नोंद घ्यावी. ही चाचणी सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, ट्रॅकवर करावी. गाडी सुरू करण्याआधी पाइपांत हलका दाब भरून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला की गळती सापडली. आणि पहिल्या काही दिवसांत इंजिनाच्या पाण्याच्या तापमानावर नजर ठेवावी.

भारतात असे बदल चालतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असे काही करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारावे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

आपल्याकडे सुपरचार्जरच्या गाड्याही मोजक्याच. मिनी अधिकृतपणे भारतात आली ती २०१२ मध्ये, तोवर कूपर एस टर्बोवर गेली होती. जॅग्वार आणि रेंज रोव्हरच्या सुपरचार्जर इंजिनांत हवा पाण्याने थंड करतात, त्यांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. मात्र टर्बो-पेट्रोल आणि डिझेल गाड्या आता घरोघरी आहेत आणि त्यांच्या बंपरमागेही इंटरकूलर असतो. जोड गळत नाहीत ना आणि जाळीत चिखल-पाने अडकली नाहीत ना, एवढे सर्व्हिसिंगच्या वेळी पाहून घेणे कायदेशीरही आहे आणि फायद्याचेही.