कपाशीच्या ओळींतला जुना ट्रॅक्टर

अमेरिकेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणून ओळखले जाणारे छोटे यंत्र घराभोवतीचे गवत कापण्यासाठी आणि भाजीचे वाफे करण्यासाठी घडवले गेले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 1961 सालचा कब कॅडेट आणि जॉन डिअरचा 1963 सालचा 110 हे त्याचे गाजलेले नमुने असून तेथील हौशी लोक त्यांना मूळ रंगरूपात आणून प्रदर्शनांत मांडतात. खानदेशातल्या, कांग आणि वाघूर नद्यांच्या काठच्या जामनेर तालुक्यात अशी हिरवळ राखण्याची चैन नाही. येथे लहान यंत्राची गरज भासते ती कपाशीच्या तीन-चार फुटी ओळींत कोळपणी करताना, कारण मोठा ट्रॅक्टर त्या ओळींत शिरला तर तणाबरोबर पीकही तुडवले जाते. भारतात अशी लहान यंत्रे बनवणाऱ्यांपैकी बंगळूरुच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने आधी पॉवर टिलर आणि पुढे साडेअठरा अश्वशक्तीचा ‘शक्ती’ ट्रॅक्टर बाजारात आणला, तर 1959 साली फरिदाबादमधून देशी बांधणीचा पहिला ट्रॅक्टर देणाऱ्या आयशरचे एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन त्याच्या संथ ठोक्यांवरून दुरूनही ओळखू येते.

अशा जुन्या यंत्राला पुन्हा उभे करताना बहुतेकांचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो, आणि तेथेच काम चुकते. वर्षानुवर्षे गोठ्याच्या कडेला पडलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारल्यास गंजाने चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटण्याची भीती असते. म्हणून नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा बारीक फवारा सोडणारा भाग, काढून तेथून थोडे तेल ओतावे, ते मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहावे. टाकीतले जुने डिझेल काढून टाकावे, फिल्टर बदलावेत आणि नळ्यांत अडकलेली हवा सोडून द्यावी. मेकॅनिक याला ‘एअर काढणे’ म्हणतात. इंजिन सुरू झाल्यावर धूर बरेच काही सांगतो: निळसर धूर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हपाशी तेल जळते आहे, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. केवळ पिस्टन, रिंगा आणि स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचे आतले अस्तर, बदलून भागले तर ते ‘हाफ इंजिन’ आणि क्रँकपर्यंत खोलावे लागले तर ‘फुल इंजिन’. या दोहोंच्या खर्चात मोठे अंतर असल्याने मोजमाप घेतल्याशिवाय निर्णय करणे शहाणपणाचे नाही.

खानदेशात मात्र इंजिनाचा खरा वैरी वयापेक्षा धूळ आहे. उन्हाळी वखरणीत काळ्या जमिनीची भुकटी उडते आणि ती सिलिंडरमध्ये गेली की रिंगा पॉलिश पेपरने घासाव्यात तशा झिजतात. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ फिल्टर, म्हणजे आत ओढलेली हवा तेलाच्या वाटीवरून नेऊन धूळ तेलात अडकवणारे साधन, ती थोपवतो. त्यातील तेल खुणेपर्यंतच भरावे, कारण कमी पडल्यास धूळ निसटते आणि जास्त झाल्यास तेच तेल इंजिनात ओढले जाऊन जळते. धुळीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहण्याला पर्याय नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरची कटकट नसली तरी सिलिंडरवरील धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये चिखल आणि तेलाचा थर बसला, की उष्णता बाहेर पडत नाही आणि पारा पंचेचाळिशीकडे झुकलेल्या मे महिन्यात पिस्टन जाम होऊ शकतो. पावसाळ्यात हीच माती ओली होऊन फुगते, चाकांच्या ऑइल सीलभोवती चिकटते आणि सुकताना रबर घासून काढते. त्यामुळे काम संपताच चाके धुणे हे ग्रीस भरण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

सुटे भाग हा वेगळाच प्रश्न आहे: काही भाग मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरांतून मिळतात, काही लेथवर घडवून घ्यावे लागतात, आणि लेथवर घडवलेल्या बुशापेक्षा, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या धातूच्या कड्यापेक्षा, मूळ बुश चांगले, हा आग्रह दरवेळी खरा नसतो. कागदपत्रांत मात्र अशी सोय नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने 2021 साली वेगळे ‘व्हिंटेज’ नियम केले, पण ते दुचाकी आणि मोटारगाड्यांपुरते आहेत. शेतीच्या ट्रॅक्टरला, तो कितीही जुना आणि देखणा असला, तरी पहिल्या 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावेच लागते.