फ्लॉपीतून मराठी सोडवताना

नव्वदच्या दशकात नांदेड-लातूरच्या डीटीपी सेंटरवर टाइप झालेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, कवितासंग्रह, प्रबंध फ्लॉपीवरूनच छापखान्यात जायचे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्ही याच काळातले. त्या वर्षांत इथे लिहिलं गेलेलं बरंच काही आज कपाटातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत पडून असणार, आणि ते वाचवायला आता फार वेळ उरलेला नाही.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८० ट्रॅक, दर ट्रॅकला १८ सेक्टर, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०; ती आपली '१.४४ एमबी'. सव्वापाच इंचीचं दुखणं जास्त अवघड. ३६० केबीची फ्लॉपी ४० ट्रॅकची, १.२ एमबीची ८० ट्रॅकची. १.२ च्या ड्राइव्हचं हेड अरुंद. त्याने ३६० च्या फ्लॉपीवर नवा मजकूर लिहिला, की कडेला जुन्या मजकुराचे अंश शिल्लक राहतात. मग ३६० च्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात. अशी फ्लॉपी १.२ च्या ड्राइव्हवरच वाचावी.

फ्लॉपी आधी उजेडात धरून पाहावी. चकतीवर बुरशीचे ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. हेडला लागलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे काढते. साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवावी, सव्वापाच इंचीच्या खाचेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. विंडोजने 'फॉरमॅट करू का?' विचारलं की घाईत 'हो' म्हणणाऱ्यांनी किती मजकूर घालवला असेल! फाइली एकेक कॉपी करण्याऐवजी अख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्यावी. ग्रीसवीझलसारखं छोटं बोर्ड जुन्या ड्राइव्हला जोडलं, तर चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवता येतात. आज न उलगडलेला सेक्टर पुढे कधी उलगडू शकतो.

एवढं करूनही मराठी हाती लागेलच असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या कामातून उभं राहिलेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्र इस्की संकेत वापरायचं. त्यात 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. १९९१ साली इस्कीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पेजमेकरमध्ये वापरले जाणारे फॉन्ट मात्र अक्षरांचे आकार साठवत: आधी वेलांटी, मग क, अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा. त्यातही एका कंपनीचा तक्ता दुसरीला लागू नाही. फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

म्हणून इमेजसोबत त्या मशीनवरचे फॉन्टही जपायला हवेत. अनेक मराठी पॅकेजं मागच्या पोर्टला डाँगल लावल्याशिवाय चालत नसत, तोही भंगारात देऊ नये. फॉन्ट सापडलाच नाही, तर त्याच फ्लॉपीवरून छापलेलं पुस्तक शोधावं. छापील ओळ आणि फाइलमधले बाइट शेजारी ठेवले की कोणत्या संकेताला कोणता आकार हे एकेक करून लागत जातं, आणि तो तक्ता त्याच फॉन्टमधल्या बाकी साऱ्या फ्लॉप्यांना चालतो. कामाला सुरुवात करावी ती छापील प्रत हाताशी असलेल्या फ्लॉपीपासून.