सूर हलवायचा कधी?

गिटारसाठी पेडल घेणाऱ्यांच्या यादीत व्हायब्रॅटोचा नंबर फार उशिरा लागतो. आधी डिस्टॉर्शन येतं, मग डिले, रिव्हर्ब, कोरस. आणि तोवर खिसा हलका झालेला असतो. त्यामुळे व्हायब्रॅटोबद्दलचा प्रश्न बहुधा एकाच रूपात विचारला जातो: स्वस्तात चांगलं कोणतं? त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात. कुणी ॲनालॉग सर्किटचा आग्रह धरतं, कुणी जपानी जुन्या पेडलची महती सांगतं, कुणी म्हणतं मल्टिइफेक्टमध्ये फुकट मिळतं ते वेगळं कशाला घ्यायचं. या सगळ्या उत्तरांचं लक्ष सूर हलतो कसा याकडे आहे. माझं म्हणणं असं की, कमी किमतीच्या व्हायब्रॅटोत 'कसा' यात फारसं डावं-उजवं नसतं. सूर हलायला लागतो कधी आणि थांबतो कधी, यावर तुमच्या पायाचा ताबा किती आहे, खरा फरक तिथे पडतो. पैसे मोजायचे ते त्या ताब्यासाठी.

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण त्यापायी लोक भलतंच पेडल घरी आणतात. व्हायब्रॅटोमध्ये सुराची उंची वरखाली होते. ट्रेमोलोमध्ये सूर जागेवरच राहतो, आवाज लहानमोठा होतो. फेंडर कंपनीने मात्र १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या, सूर खालीवर करणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि पुढे आवाज लहानमोठा करणाऱ्या अँपवर व्हायब्रॅटो असं छापलं. तो उलटा शिक्का आजतागायत पुसला गेलेला नाही. तेव्हा डबीवरच्या नावावर जाऊ नका, एक लांब सूर वाजवून ऐका. अँपमध्ये खरोखर सूर हलवणारी मंडळी त्या काळी थोडी होती. अमेरिकेतल्या मॅग्नाटोन कंपनीचे अँप त्यासाठी ओळखले जात. लॉनी मॅकच्या १९६३ च्या ध्वनिमुद्रणांतला तो ओलसर, डोलणारा आवाज त्यांचाच.

आजची बहुतेक पेडल्स हे काम डिलेच्या साहाय्याने करतात. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या दोघांनी 'बकेट ब्रिगेड' नावाची रचना मांडली. आग विझवताना माणसं रांग लावून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विद्युतभार एका खान्यातून दुसऱ्यात ढकलला जातो आणि शेवटच्या खान्यातून तोच आवाज किंचित उशिरा बाहेर पडतो. १०२४ खान्यांची चिप सेकंदाला एक लाख ठोक्यांवर चालवली तर हा उशीर साधारण ५ मिलिसेकंद होतो. अँपपासून पावणेदोन मीटर लांब उभं राहिलं तर कानापर्यंत आवाज यायला एवढाच वेळ लागतो, म्हणून वाजवणाऱ्याला तो जाणवत नाही. आता ठोक्यांचा वेग सतत कमीजास्त करत राहिलं की उशीर लांबतो आणि आखडतो. लांबत असताना सूर उतरतो, आखडत असताना चढतो. रेल्वेची शिटी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरलेली ऐकू येते त्यामागचं भौतिकशास्त्र हेच. असा हललेला आवाज मूळ आवाजात मिसळला की कोरस होतो. मूळ आवाज काढून टाकला की उरतो तो व्हायब्रॅटो.

यातून एक गोष्ट निघते, जी पेडलवर कुठेही लिहिलेली नसते. सुराची उंची उशीर किती आहे यावर ठरत नाही, तो किती झपाट्याने बदलतो आहे यावर ठरते. समजा, डेप्थच्या नॉबने उशीर मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे १ मिलिसेकंद हलतो आहे. रेट सेकंदाला ५ हेलकाव्यांचा असेल, तर सूर जास्तीत जास्त सव्वातीन टक्क्यांच्या आत, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण निम्म्याने सरकतो. डेप्थला हात न लावता रेट निम्मा केला, तर सरकणंही निम्मं होतं. दुप्पट केला, तर सूर थेट शेजारच्या पट्टीला जाऊन भिडतो आणि गाणं बेसूर वाटू लागतं. काही सर्किटांत याची भरपाई केलेली असते, साध्यात नसते. दुकानात दोन्ही नॉब अर्ध्यावर ठेवून 'फार झिंगल्यासारखा वाजतो' म्हणत पेडल परत ठेवलं जातं, तेव्हा दोष बहुतेकदा पेडलचा नसतो; रेट वाढवताना डेप्थ उतरवावी लागते, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

आता मूळ मुद्दा. आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाने १९२० आणि ३० च्या दशकांत पाश्चात्त्य गायकांच्या आणि व्हायोलिनवादकांच्या कंपनाची मोजमापं घेतली. गायकांचा वेग सेकंदाला सहाच्या आसपास भरला आणि गायकांपेक्षा व्हायोलिनचा विस्तार बराच कमी निघाला. हे आकडे उपयोगी आहेतच. पण कुठलाही बरा गायक लक्ष देऊन ऐकला तर आणखी एक गोष्ट कळते. सूर आधी सरळ लागतो, क्षणभर ठरतो, मग कंप सुरू होतो आणि वाढत जातो. पहिल्या क्षणापासून सारख्या मापाने हलणारा सूर आपल्या कानाला यंत्राचा वाटतो तो यामुळेच. १९८२ मध्ये बॉस कंपनीने व्हीबी-२ हे पेडल काढलं तेव्हा रेट आणि डेप्थबरोबर 'राइझ टाइम' नावाचा तिसरा नॉब दिला: पाय पडल्यापासून कंप पूर्ण भरायला किती वेळ लागावा, ते तो ठरवतो. शिवाय 'अनलॅच' अशी सोय दिली, पाय दाबून धरला तेवढाच वेळ सूर हलेल, उचलला की पुन्हा सरळ. चारेक वर्षांत ते पेडल बंद पडलं, खप नव्हता. पुढे जुन्या नगांच्या किमती चढत गेल्या आणि बॉसने स्वतःच ते वाझा क्राफ्ट मालिकेत नव्याने आणलं. आज जुना नग काय किंवा नवा काय, दोन्ही सामान्य हौशी वादकाच्या आवाक्याबाहेरचे.

बेहरिंगरचं यूव्ही ३०० या जागी बसतं. व्हीबी-२ समोर ठेवूनच ते केलेलं आहे: तेच तीन नॉब, तेच लॅच, अनलॅच आणि बायपास असे तीन पर्याय, किंमत कित्येक पट कमी. स्वस्तातलं दुसरं पेडल म्हणजे टीसी इलेक्ट्रॉनिकचं टेलस्पिन. त्याचं अंग धातूचं, ॲनालॉग सर्किट, आवाज गोड. पण नॉब दोनच, स्पीड आणि डेप्थ, आणि खटका चालू-बंद एवढाच. दोन्ही शेजारी ठेवून आवाजच तेवढा ऐकला तर टेलस्पिन निवडणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण परीक्षा अशी घ्या. यूव्ही ३०० अनलॅचवर, राइझ टाइम मध्यावर, डेप्थ कमी. बाराव्या पडद्यावर एक सूर छेडा, सरळ वाजू द्या, अर्ध्या सेकंदाने पाय दाबा, सूर विरायच्या आत उचला. मग एक पूर्ण कॉर्ड वाजवून फक्त तिच्या शेपटीवर पाय ठेवा. दोन नॉबच्या पेडलवर हेच करायला गेलात तर कंप एकदम पूर्ण ताकदीने सुरू होतो आणि पुढच्या ओळीआधी बंद करण्यासाठी पुन्हा खटका मारावा लागतो. दोन-तीन ओळींतच वादक कंटाळतो आणि पेडल गाणंभर चालू ठेवतो किंवा बंदच ठेवतो.

यावर पहिला आक्षेप बोटांचा. बोटांनी फुकटात होतं त्यासाठी पेडल कशाला? एकेकट्या सुरासाठी हे बरोबर आहे, आणि ज्याच्या बोटांत ते अजून आलेलं नाही त्याने आधी तेच शिकावं. पण तार पडद्यावर आडवी ताणली की सूर फक्त चढतो. मूळ जागेच्या खाली जात नाही. पेडल दोन्ही बाजूंना सारखं जातं, त्यामुळे कानाला जाणवणारा मधला सूर ढळत नाही. मोकळ्या तारेला बोट लावताच येत नाही, आणि सहा तारांची कॉर्ड एका मापात हलवणं बोटांच्या कुवतीबाहेरचं. ते काम दांडी करते, बिग्सबी असो की स्ट्रॅटची. मात्र स्वस्त गिटारवरची दांडी चार वेळा दाबली की खुंट्या पिळत बसावं लागतं, आणि अकूस्टिकला ती नसतेच.

दरबारीच्या गंधारासारखं आंदोलन पेडलमधून मिळेल अशी आशा आपल्याकडचे काही जण बाळगतात. ती सोडावी. तिथे सूर एका विशिष्ट बाजूने येतो, रेंगाळतो, प्रत्येक हेलकावा वेगळा असतो. पेडलची लाट एकसारखी आणि दोन्हीकडे समान. ते हवं असेल तर तारेवर सरकणारी सळई हवी, ब्रिजभूषण काबरांनी आणि विश्वमोहन भट्ट यांनी तोच रस्ता धरला.

दुसरा आक्षेप 'व्हाइब' नावाच्या पेडलांच्या चाहत्यांचा. युनि-व्हाइब हे फुमिओ मिएदा यांनी शिन-एई कंपनीसाठी केलेलं १९६० च्या दशकाच्या अखेरचं जपानी यंत्र. हेन्ड्रिक्सने १९६९ मध्ये वुडस्टॉकला ते वाजवलं. त्यावर कोरस आणि व्हायब्रॅटो असा खटका आहे, म्हणून तेच स्वस्त नकलेत घ्यावं असं वाटतं. पण तिथे डिले नाही. एक दिवा लुकलुकतो, त्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदी घटक आवाजाची फेज सरकवतात. सूर हलतो तो थोडाच, बाकी सगळी धडधड. ती सुंदर आहे, पण ज्याला व्हायब्रॅटो हवा आहे त्याची ती भूक भागवत नाही. बाजारात मात्र दोन्ही वस्तू एकाच फळीवर सापडतात.

प्लास्टिकच्या अंगाबद्दलची तक्रार रास्त आहे. यूव्ही ३०० ची बॅटरी पायदाबाच्या झाकणाखाली असते, ते काढायला बिजागरीचे दोन्ही खुंट आत दाबावे लागतात, आणि घाईत हमखास तिथेच काहीतरी मोडतं. उपाय साधा: बॅटरी घालूच नका. ९ व्होल्टचा, मधे ऋण असलेला ॲडॅप्टर लावा आणि पेडल फळीवर पक्कं बसवा. रोज कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदातल्या वादकाला मी तरीही हे पेडल सुचवणार नाही. त्याने पैसे साठवून वाझाचं घ्यावं. सोयी त्याच आहेत, पत्रा जाड आहे. सूं-सूं आवाजाची तक्रारही ऐकू येते. व्हायब्रॅटो डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर ती सूं-सूं वाढून बाहेर पडते, नंतर लावला तर बरीच कमी होते.

सगळ्यात वजनदार आक्षेप लो-फाय मंडळींचा. त्यांना जुन्या टेपसारखा, गाणंभर हळूच डळमळणारा आवाज हवा असतो. केव्हा सुरू आणि केव्हा बंद हा त्यांचा प्रश्नच नाही. त्यांच्यापुरतं माझं म्हणणं लागू पडत नाही हे मान्य. पण मग यूव्ही ३०० काय आणि टेलस्पिन काय, दोन्ही त्यांच्या कामाची कमीच, कारण टेपचं डळमळणं अनियमित असतं आणि या पेडलांची लाट घड्याळासारखी नियमित. घरी संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला टेपची नक्कल करणारी सॉफ्टवेअर फुकटही मिळतात. त्याने पेडलवर खर्च करू नये.

राहिलं मल्टिइफेक्ट. झूमच्या एमएस-५०जी सारखं काही आधीच घरात असेल, तर त्यातला व्हायब्रॅटो आधी महिनाभर वाजवून पाहा. नसला तरी कोरसमधला मिक्स पूर्ण ओल्या (वेट) बाजूला नेला की तोच परिणाम मिळतो. नवं घेणार असाल तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: खटका दाबून धरेपर्यंतच इफेक्ट चालू ठेवता येतो का, आणि पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलला डेप्थ जोडता येते का. दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर राइझ टाइमची गरजच उरत नाही, पाऊल पुढे झुकवाल तसा कंप भरत जातो. आणि घरात जुनं ॲनालॉग कोरस धूळ खात पडलं असेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. मूळ आवाज मिश्रणात आणणारा रेझिस्टर शोधून त्याच्या वाटेत एक छोटा खटका बसवायचा एवढंच काम आहे. फेज ९० या फेझर पेडलवर अशीच दुरुस्ती हौशी लोक कित्येक वर्षं करत आले आहेत. वॉरंटी चालू असेल तर तेवढी मात्र जाईल.